सत्कार पुरे, आता करार द्या!

सत्कार ही जगातली सर्वात स्वस्त वस्तू आहे. एक शाल, एक श्रीफळ, चार फोटो आणि दोन भाषणे, एवढ्यात काम भागते. सत्कारमूर्ती उद्या सकाळी कामावर कुठे जाणार, त्याच्या घरातली चूल कशी पेटणार, हे सत्कार करणारे विचारीत नाहीत. टाळ्या संपल्या की सभागृहाचे दिवे मालवले जातात आणि खरे बोलण्याची किंमत मोजायला तो माणूस एकटा उरतो. आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी नाही. पण पैशाने ओसंडून वाहणाऱ्या युरोपच्या फुटबॉलमध्येही हेच घडते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून आज इटलीतल्या दोन बचावपटूंविषयी लिहायचे आहे. सिमोने फारिना आणि फाबिओ पिसाकाने ही त्यांची नावे. दोघेही खालच्या श्रेणीत राबणारे खेळाडू. दोघांनीही २०११ या एकाच वर्षी लाच नाकारली आणि लाच देऊ करणाऱ्यांची माहिती वर कळवली. दोघांचाही सारखाच गौरव झाला. पुढे मात्र एकाला तिसाव्या वर्षी मैदान सोडावे लागले आणि दुसरा तिसाव्या वर्षी देशातल्या सर्वोच्च श्रेणीत पहिला सामना खेळला. हा फरक का पडला, हा आजचा प्रश्न आहे.

आधी हे खेळाडू कोणत्या दुनियेत जगतात ते समजून घेतले पाहिजे. इटलीत सर्वात वर सेरी ए. युव्हेंटस, मिलान, इंटर यांची ती दुनिया. टीव्हीवर आपल्याला दिसते ती एवढीच. तिच्या खाली सेरी बी आणि त्याखाली सेरी सी, जिला २००८ ते २०१७ या काळात लेगा प्रो या नावाने ओळखले जाई. आज या तिसऱ्या श्रेणीत तीन गटांत मिळून ६० क्लब खेळतात. व्यावसायिक फुटबॉलची ही शेवटची पायरी. तिच्या खाली सेरी डी, म्हणजे कागदोपत्री हौशी खेळाडूंचा प्रांत. तिसऱ्या श्रेणीतला खेळाडू पायरीच्या काठावर उभा असतो. पाय घसरला की तो व्यावसायिक राहत नाही.

या श्रेणीतला बचावपटू म्हणजे फुटबॉलमधला कंत्राटी कामगारच म्हणा. आघाडीचा खेळाडू गोल करतो, त्याचे नाव पेपरात येते, मोठ्या क्लबची माणसे त्याला पाहायला येतात. बचावपटूचे काम मात्र गोल होऊ न देण्याचे. नव्वद मिनिटे त्याने चोख काम केले तर त्याची कोणी दखल घेत नाही. अर्ध्या क्षणाची चूक झाली की दोष त्याच्याच माथी. एका वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा करार. तो संपला की नवे गाव, नवे भाड्याचे घर. दहा-बारा वर्षांत पाच-सहा क्लब बदलून झालेले असतात आणि पस्तिशीच्या आत दुसरे काम शोधण्याची वेळ येते.

बरे, करार झाला म्हणजे पगार मिळेलच असेही नाही. खालच्या श्रेणीतले क्लब बुडणे ही इटलीत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पगार थकवल्याबद्दल क्लबांचे गुण कापले जातात. मालक येतो, वाऱ्यावर आश्वासने सोडतो आणि निघून जातो. १७ फेब्रुवारी २०१९ रोजी सेरी सीमध्ये कुनेओविरुद्ध प्रो पियाचेंझा या क्लबचा संघ अवघ्या सात खेळाडूंनिशी मैदानात उतरला. बहुतेक सारी पोरेसोरे. पगार थकल्यामुळे मोठे खेळाडू आधीच निघून गेले होते. सामना २०-० ने हरला गेला. त्यानंतर त्या क्लबला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. जगाने त्या आकड्याची मजा घेतली. पण हे वीस गोल त्या पोरांवर झाले नव्हते, ते क्लब चालवणाऱ्या व्यवस्थेवर झाले होते.

सट्टेबाज नेमके अशाच ठिकाणी येतात. त्यांना गोल करणारा माणूस लागत नाही, गोल होऊ देणारा लागतो. गोलरक्षक आणि बचावपटू हाताशी असले की त्यांचे काम झाले. त्यातून ज्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे, ज्याला पुढच्या वर्षी क्लब मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासमोर नोटांचे बंडल ठेवणे सोपे. सामना छोटा असतो, प्रेक्षक थोडे असतात, कॅमेरे त्याहून थोडे असतात. पण इंटरनेटवरच्या सट्ट्यामुळे त्याच छोट्या सामन्यावर आशियातूनही पैसा लागतो.

हे सारे उघडकीस आले ते उत्तर इटलीतल्या क्रेमोना या शहरातून. १४ नोव्हेंबर २०१० रोजी तिसऱ्या श्रेणीतला क्रेमोनेसे विरुद्ध पागानेसे हा सामना झाला. सामन्यानंतर क्रेमोनेसेच्या खेळाडूंना गरगरू लागले. एकाच्या मोटारीला घरी जाताना अपघात झाला. तपासणीत शरीरात झोपेच्या औषधाचे अंश सापडले. आपल्याच खेळाडूंना गुंगीचे औषध देऊन सामना हरवण्याचा हा डाव असल्याचा संशय आला. क्रेमोनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. जून २०११ मध्ये पहिल्या अटका झाल्या. तपासाचे धागे थेट सिंगापूरच्या सट्टेबाजांपर्यंत जाऊन पोचले.

याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, पिसाकानेची परीक्षा झाली. तो तेव्हा लुमेझ्झाने या छोट्या गावाच्या क्लबकडून तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. वय २५. नेपल्सच्या गरीब वस्तीत वाढलेला हा पोरगा. चौदाव्या वर्षी त्याला गियाँ-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराने गाठले होते. हातपाय लुळे पडले, काही दिवस तो कोमात होता. त्यातून उठून तो पुन्हा चालायला शिकला, पुन्हा धावायला शिकला आणि व्यावसायिक खेळाडू झाला. अशा माणसाला रॅव्हेनाविरुद्धच्या सामन्यात ढिलाई करण्यासाठी ५०,००० युरो देऊ करण्यात आले. देऊ करणारा कोणी अंधारातला गुंड नव्हता. तो समोरच्या क्लबचा पदाधिकारी होता. पिसाकानेने नकार दिला आणि झाला प्रकार वर कळवला.

त्याच वर्षाच्या अखेरीस फारिनाची पाळी आली. रोममध्ये जन्मलेला फारिना रोमा या मोठ्या क्लबच्या युवा संघात घडला. पण युवा संघात घडणारी शंभर पोरे असतात, वर जाणारी दोन. बाकीची छोट्या गावांच्या वाटेला लागतात. फारिनाही त्याच वाटेने फिरत फिरत उंब्रियातल्या गुब्बिओला पोचला. डोंगराच्या कुशीतले, तीसेक हजार वस्तीचे हे गाव. २०१० आणि २०११ अशा सलग दोन वर्षांत या गावाचा क्लब दोन पायऱ्या चढला आणि सहा दशकांनंतर सेरी बीमध्ये आला. फारिना त्या संघात होता. आयुष्यात प्रथमच जरा बरे दिवस दिसत होते.

तेवढ्यात रोमाच्या युवा संघातला एक जुना सोबती त्याच्या दारात आला. ३० नोव्हेंबर २०११ रोजी इटालियन चषकात गुब्बिओची गाठ चेझेनाशी पडणार होती. तो सामना हरायचा, आणखी दोन-तीन खेळाडूंना सोबत घ्यायचे आणि बदल्यात २,००,००० युरो, असा हा व्यवहार होता. तो सामना गुब्बिओच्या दृष्टीने तसाही महत्त्वाचा नव्हता. चेझेना सेरी एमधला क्लब. तिथे गुब्बिओ हरले असते तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. म्हणजे पकडले जाण्याची भीती नव्हती, आणि पैसा त्याच्या पायांच्या कमाईच्या मानाने प्रचंड होता. फारिनाने नकार दिला. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जाऊन तक्रार केली.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. लाच नाकारणे आणि लाचेची खबर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकारणारा माणूस आपली इभ्रत राखतो आणि घरी जातो. खबर देणारा मात्र आपला धंदा, आपले सहकारी, आपला मित्रपरिवार या सगळ्यांच्या रोषाला सामोरा जातो. ज्याच्याबरोबर पोरवयात एका ताटात जेवलो त्याचे नाव घेणे सोपे नसते. त्यातून इटलीत गप्प बसण्याची एक जुनी रीत आहे. तिला ते ओमेर्ता म्हणतात. जो बोलला तो चोरापेक्षा वाईट, अशी ती रीत. माफियाने ती पोसली, पण ती माफियापुरती राहिलेली नाही. खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीतही ती बाकावर बसलेली असते.

फारिना बोलला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांत फारिनाचा तो जुना सोबती होता आणि अटलांटाचा माजी कर्णधार क्रिस्तियानो दोनी हाही होता. दोनी २००२ च्या विश्वचषकात इटलीकडून खेळलेला. ज्यांची नावे पोस्टरवर होती ते तुरुंगाच्या दारात, आणि ज्याचे नाव कोणी ऐकले नव्हते तो ताठ मानेने उभा, असे चित्र इटलीने पाहिले.

मग सत्कारांचा हंगाम आला. ९ जानेवारी २०१२ रोजी झुरिचमध्ये फिफाचा वार्षिक सोहळा झाला. मेस्सीला सुवर्णचेंडू मिळाला तीच ही रात्र. त्या झगमगाटात फारिनाला बोलावून त्याचा गौरव करण्यात आला. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी या दोन्ही बचावपटूंना प्रामाणिक खेळाचे दूत म्हणून मान दिला. इटलीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक चेझारे प्रांदेल्ली यांनी दोघांना कोव्हेरचियानोच्या सराव शिबिरात राष्ट्रीय संघाबरोबर सरावाला बोलावले. फोटो निघाले, भाषणे झाली. झुरिचचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २७ मे २०१५ रोजी त्याच शहरातल्या आलिशान हॉटेलातून फिफाच्या पदाधिकाऱ्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पोलिसांनी उचलले. प्रामाणिकपणाची पदके वाटणाऱ्या घराची ही अवस्था!

इकडे गुब्बिओचे काय? २०११-१२ चा हंगाम संपला तेव्हा क्लब सेरी बीमधून खाली घसरला होता. त्या उन्हाळ्यात फारिनाचे आणि गुब्बिओचे नाते संपले. वय ३०. बचावपटूसाठी हे काही म्हातारपण नव्हे. पण त्याला खेळायला क्लब मिळाला नाही. शेवटी इंग्लंडच्या अॅस्टन व्हिला या क्लबने त्याला बोलावले, तेही खेळाडू म्हणून नव्हे. वस्त्यांतल्या मुलांना खेळ आणि खेळातला प्रामाणिकपणा शिकवणारा प्रशिक्षक म्हणून. काम चांगले होते, सन्मानाचे होते. पण ज्या देशाची अब्रू त्याने वाचवली त्या देशात त्याच्या पायांना मैदान मिळाले नाही, हे सत्य उरतेच.

कोणी म्हणेल, खालच्या श्रेणीत दरवर्षी शेकडो खेळाडू बेकार होतात, फारिना त्यातलाच एक. त्याला मुद्दाम डावलले याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही. तसा कागद कोणाच्या हाती नाही. पण बहिष्काराचा ठराव कधी वहीत लिहून होतो का? नोकरीवरून काढले तर निदान आदेश तरी हातात पडतो. नोकरी दिलीच नाही तर दाद कशाविरुद्ध मागायची? आणि समजा कोणीही त्याला डावलले नाही, सारे बाजाराच्या नियमाने झाले. तरीही प्रश्न मिटत नाही. ज्याने संपूर्ण खेळाला वाचवले त्याला बाजाराच्या दयेवर सोडणे ही त्या खेळाची नीती कशी असू शकते?

नियम काय सांगतो ते पाहा. इटलीच्या फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार सामना विकला जात असल्याचे कळूनही जो गप्प बसतो तो शिक्षेला पात्र ठरतो. म्हणजे बोलणे हे खेळाडूचे कर्तव्यच. याच नियमाखाली ऑगस्ट २०१२ मध्ये युव्हेंटसचे प्रशिक्षक अंतोनिओ कोंते यांच्यावर ते आधी सिएना क्लबमध्ये असतानाच्या प्रकरणात दहा महिन्यांची बंदी आली. अपिलात ती चार महिन्यांवर आली. कोंते यांनी आरोप सतत नाकारला आणि २०१६ मध्ये क्रेमोनाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. तेव्हा त्यांना दोषी म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. मुद्दा वेगळा आहे. बंदीच्या काळातही त्यांच्या क्लबने त्यांची खुर्ची राखून ठेवली आणि २०१४ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मोठ्या नावाच्या मागे क्लब उभा राहतो, वकील उभे राहतात, बाजार उभा राहतो. २०१२ च्या त्या उन्हाळ्यात 'कळवले नाही' असा ठपका असलेल्याची नोकरी शाबूत होती आणि ज्याने कळवले तो काम शोधत होता. गरिबाने कर्तव्य करावे आणि परिणामही त्यानेच भोगावे, अशी ही वाटणी!

आता पिसाकानेकडे पाहू. त्याच्या वाटेलाही राजरस्ता आला नाही. पण त्याला करार मिळत गेले. तेर्नानाने त्याला घेतले, मग आवेल्लीनोने, आणि २०१५ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या कालियारीने. कालियारी पुढच्याच हंगामाअखेर सेरी एमध्ये पोचले. १८ सप्टेंबर २०१६ रोजी अटलांटाविरुद्ध पिसाकाने आयुष्यातला पहिला सेरी ए सामना खेळला. कालियारीने तो ३-० ने जिंकला. सामन्यानंतर मुलाखत देताना तिशीच्या या गड्याचा बांध फुटला. त्या वर्षी इंग्लंडच्या 'गार्डियन' दैनिकाने वर्षातला फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड केली. खेळ सोडल्यावर तो कालियारीच्याच युवा संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात क्लबने त्याला मुख्य संघाच्या प्रशिक्षकपदी बसवले.

या दोघांत फरक कोणता? धैर्य सारखेच होते. गौरवही सारखाच झाला. एकाचे वय चार वर्षांनी कमी होते हे खरे. पण मुख्य फरक इतकाच की एकाच्या हाती प्रत्येक वळणावर कोणीतरी कराराचा कागद ठेवला आणि दुसऱ्याच्या हाती मानपत्र ठेवले. पिसाकाने पुढे जे झाला ते पाहिले म्हणजे कळते की प्रामाणिक माणसाला काम दिल्याने क्लब बुडत नाही. पण एक कालियारी भेटले म्हणून व्यवस्थेला शाबासकी देता येणार नाही. नशिबाने मिळालेल्या न्यायाला न्याय म्हणत नाहीत.

हक्क सत्कारातून मिळत नाहीत, हे इटलीच्या खेळाडूंना एकेकाळी चांगले ठाऊक होते. तिथे पूर्वी 'विंकोलो' नावाची पद्धत होती. विंकोलो म्हणजे बंधन. खेळाडू क्लबची मालमत्ता. त्याला विकायचे की अडवून ठेवायचे हे मालक ठरवणार, खेळाडूला विचारायची गरज नाही. १९६८ मध्ये सेर्जिओ काम्पाना या माजी खेळाडूने, जो वकीलही होता, मिलानमध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. जियानी रिव्हेरा आणि सान्द्रो माझ्झोला यांच्यासारखे त्या काळचे तारे तिच्या स्थापनेत होते. ज्यांना स्वतःला काही कमी नव्हते ते तळातल्या खेळाडूंसाठी उभे राहिले, हे विसरता कामा नये. या लढ्यातून १९८१ चा ९१ क्रमांकाचा कायदा झाला आणि व्यावसायिक खेळाडूंचे ते बंधन संपवण्याची तरतूद झाली. १९९५ मध्ये बोसमन खटल्याचा निकाल लागला आणि करार संपलेला खेळाडू युरोपात मोकळा झाला. बेल्जियमचा बोसमनही साधा खेळाडूच होता. मोठ्यांचे पगार आकाशाला भिडले ते या छोट्या माणसाच्या लढ्यामुळे.

भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्यांसाठीही इटलीत कायदे झाले. २०१२ मध्ये सरकारी नोकरांसाठी, २०१७ मध्ये खाजगी नोकरांसाठी आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या निर्देशानुसार नवा कायदा. खबर देणाऱ्याचा सूड घेता येणार नाही, असे हे कायदे सांगतात. चांगले आहे. पण फिरस्त्या बचावपटूचा सूड घ्यावाच लागत नाही. त्याचा करार जूनमध्ये आपोआप संपतो. फोन वाजला नाही की झाले. जिथे कामच मुदतीचे आहे तिथे काढून टाकण्याविरुद्धचे संरक्षण अपुरे पडते. ही गोष्ट कंत्राटावर राबणाऱ्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. खालच्या श्रेणीतल्या क्लबांना हंगामाच्या नोंदणीपूर्वी पगाराची हमी म्हणून बँकेची हमी द्यावी लागते. पैशासाठी हमी चालते, तर खऱ्यासाठी का चालू नये? ज्याच्या तक्रारीवरून गुन्हा उघडकीस आला त्याला निदान दोन हंगामांचा पगार संघटनेने आपल्या तिजोरीतून हमखास द्यावा. त्याला जो क्लब घेईल त्याच्या पगाराचा वाटा संघटनेने उचलावा. खेळ सोडायची वेळ आली तर प्रशिक्षणाचे काम त्याच्याच देशात द्यावे. युव्हेंटस आणि मिलानचे सामने दाखवण्याच्या हक्कांतून जो पैसा येतो त्याच्या तुलनेत हा खर्च चिमूटभर आहे.

नाहीतर काय होईल? गुब्बिओसारख्या दुसऱ्या एखाद्या गावात आज कोणी विशीतला बचावपटू पगाराची वाट पाहत बसला असेल. उद्या त्याच्याही दारात जुना मित्र येईल. तेव्हा त्याला झुरिचच्या टाळ्या आठवणार नाहीत. फारिनाला क्लब मिळाला नाही, एवढेच आठवेल. आणि त्याने तोंड बंद ठेवले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार टाळ्या वाजवून घरी गेलेल्यांना राहणार नाही.